मधात उभा माणूस

३ मार्च, सोम.
सौ.च्या, म्हणजे सुमनच्या, कोसा रेशीम विणायच्या कारखान्यात नागपूरचा इंजिनिअर आला. हर्षल. ऊन तापलं की हवा कोरडी, मागावर धागा तुटतो; म्हणून तिन्ही मजल्यांवर ओलावा मोजणारे बिनतारी सेन्सर. कुठे बसवले तर सगळ्यांचा सिग्नल ऑफिसात पोचेल, याचा आधी नकाशा. नकाशावर दोघं वाकलेले. कपाळाला कपाळ लागायचं तेवढं बाकी.
मला 'काका' म्हणतो. तिला 'सुमनजी'. नातं जुळत नाही.

५ मार्च, बुध.
पेपरला या सेन्सरची बातमी पाठवायची. सिग्नलच्या कव्हरेजला मराठी शब्द काय, हर्षलला ठाऊक नाही. मीच सांगितला: व्याप्ती. सिग्नल पोचत नाही ती अव्याप्ती, नको तिथेही पोचतो ती अतिव्याप्ती. पाठशाळेत शिकलेलं न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, पहिल्यांदा कामी आलं.
संध्याकाळी सु. शेजारणीला: "हर्षल काय मस्त शब्द काढते वो! व्याप्ती!"
जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही.

७ मार्च, शुक्र.
रंगाच्या खोलीतून सु.चं हसू. धुरावरून आग ओळखतात तसं मी त्यावरून बरंच काही ओळखलं. आत गेलो, तर हा शिडीवर आणि ही खाली टेप धरून.
"काहून हसत होती?"
"काही नाही जी, असंच."
अनुमानाचा हेतू असा डळमळीत निघाला की शास्त्रात त्याला सव्यभिचार म्हणतात. हा शब्द आजच आठवायचा होता.

८ मार्च, शनि.
चाचणी. एका टोकाला हर्षल सेन्सर धरून, दुसऱ्या टोकाला सु. मोबाईलवर आकडे वाचत. मी सहज मध्ये जाऊन उभा राहिलो. आकडा घसरला.
"काका, बाजूले व्हा ना! माणसाच्या अंगातलं पाणी सिग्नल खाते."
"अवो, मधातून हटा जी! खांबासारखे काहून उभे?"
अंगातल्या पाण्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. जरा रेंगाळलोच. सु. मोबाईल सोडून माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं बहुतेक. मग पुन्हा आकडे वाचायला लागली.

९ मार्च, रवि.
तुमसरला एका राइस मिलमध्ये असेच सेन्सर लावायचेत. हर्षल म्हणतो, सुमनजी असल्या की इमारत लवकर समजते. "जाऊ का?" असं तिनं विचारलं नाही. "जाऊन राहिली," म्हणाली. निळी कोसा साडी. राइस मिलमध्ये, कोंड्यात.
मी म्हटलं, "तिथे तुझं काय काम?"
"तेच तर. तो इचारते मले, कुठं लावू म्हणून. तुमी कदी काही इचारता का?"
उत्तर संस्कृतात शोधू लागलो.
खाली गाडी आली. दारात थांबून म्हणाली, "चलता का तुमी? जागा आहे ना."
"कुठे?"
"मागं."
पुढे कोण, ते विचारलं नाही. हॉर्न वाजला. ती अजून दारात. पायजमा बदलू की असाच जाऊ?