चवड्याची शिवण

आप्पा, आज रविवार आहे, दुकानाची एकच फळी उघडली आहे. दादा आत बसून एका बुटाचा तळ काढतोय आणि मी बाहेरच्या बाकावर बसून तुम्हाला लिहितेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की डिचोलीच्या बाजारात तुम्हाला ओळखणारं आता कुणी फारसं उरलेलं नाही. खाणी बंद पडल्या. ज्या रस्त्यांवरून मातीचे ट्रक लाल धूळ उडवत जायचे, तिथे सुट्टीच्या दिवशी पणजीकडची पोरं उंच मोटरसायकली घेऊन येतात, उतारांवरून गाड्या उडवतात आणि तळ झिजलेले बूट आमच्याकडे टाकून जातात. गुडघ्याला पोचणारे, बाजूला कड्या असलेले. तुम्ही असा एकच जोड हातात घेतला होता.

दादा तेव्हा पेडण्याच्या गॅरेजात कामाला होता. समुद्रावर राहणारा एक गोरा तिथे गाडी दुरुस्तीला यायचा. देशाला परत जाताना त्याने ते बूट दादाला देऊन टाकले. दादा ते बसमधून मांडीवर घेऊन आला होता, लहान मूल आणावं तसे. तुम्ही एक बूट उलटा केला, चवड्याखाली अंगठा दाबला. तळ तिथे इतका विरला होता की अंगठा आत गेला. कातड्याचा मात्र तुम्ही वास घेतलात आणि म्हणालात, जनावर चांगलं होतं. पार्सेच्या सड्यावर, त्या खडकाळ माळावर, गॅरेजच्या पोरांनी मोटरसायकलींची शर्यत ठरवली आहे, मला रविवारी हे घालायचे आहेत, असं दादाने सांगितलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, शर्यतीत उतरायची काय गरज आहे. तिच्याकडे आपण तिघांनीही लक्ष दिलं नाही.

मला तुम्ही काम करताना दिसता. जनेलाशी, खिडकीच्या उजेडात बसला आहात, रापीने जुनी शिवण कापता आहात, एकेक टाका उचकटून बाहेर येतो आहे. तळ निघाल्यावर आतली कुजलेली पट्टी तुम्ही खरवडता, कानस घासता, सोल्युशन लावून वाळायला ठेवता. नव्या तळासाठी खाणीवर माल वाहणाऱ्या पट्ट्याचं जाड रबर तुम्ही कधीपासून जपून ठेवलं होतं. खाणीवरच्या कामगारांचे बूट तुम्ही त्याच रबराने बांधायचात, आणि ते फाटेपर्यंत तळ सुटत नसे. रबर इतकं कडक की आरी आरपार जायला तुम्हाला छातीचा जोर लावावा लागायचा, मग खोकला यायचा. टाच झाली, दोन्ही बगला झाल्या. शनिवारी संध्याकाळी दादा न्यायला आला तेव्हा चवड्याची शिवण राहिली होती. तुम्ही म्हणालात, अजून एक दिवस दे. दादा म्हणाला, शर्यत उद्याच आहे, एक दिवस कुठून आणू? तुम्ही पुढच्या बाजूला आखूड खिळे ठोकलेत. "उद्यापुरतं चालेल," तुम्ही म्हणालात. "सोमवारी परत आण, शिवून देतो."

रविवारी तुम्ही दुकान बंद ठेवलंत. पार्सेला एका ओळखीच्याकडे जायचं आहे असं आईला सांगितलंत आणि मला सोबत घेतलंत. ओळखीचं कुणी नव्हतं, हे मला बसमध्येच कळलं. ते भाषेच्या भांडणाचे दिवस होते. मराठी की कोकणी, यावरून बाजारात जुने शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. आपण बेळगावकडचे, घरात बोलायचो ती मराठीही इथल्यासारखी नव्हती, त्यात अर्धे शब्द कानडी. बाहेर कमी बोलायचं, हे तुम्ही मला बजावून ठेवलं होतं. बसमध्ये कंडक्टरलासुद्धा तुम्ही उतरायची जागा बोटानेच दाखवलीत.

सड्यावर गवत वाळलेलं होतं आणि मधूनमधून काळे पडलेले चिऱ्याचे खडक वर आले होते. तुम्ही माणसांच्या मागे एका काजूखाली उभे राहिलात. दादाला आपण आलेलं माहीत नव्हतं. तो वळणावर आला की तुम्ही त्याच्या पायांकडे बघत होता, गाडीकडे नाही, तोंडाकडेही नाही. तो वळणावर पाय खाली टेकवायचा, धूळ उडायची, पाय पुन्हा वर जायचा. एकदा असं झालं, दोनदा झालं. त्यानंतरच्या वळणाला गाडी आडवी पडली आणि दादाचा पाय इंजिन आणि खडक यांच्या मधे सापडला. त्याचं ओरडणं ऐकून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तुम्ही काजूखाली नव्हता, त्याच्यापाशी पोचला होता आणि पोरांबरोबर गाडी उचलत होता.

एकाची जीप मिळाली. म्हापशाच्या वाटेवर झाडं तोडून आडवी टाकलेली होती, पलीकडे माणसं काठ्या घेऊन उभी होती. ती आपली बाजू घेणारी होती की दुसरी, मला आजही सांगता येणार नाही. जीपवाला मागे फिरायच्या बेतात होता. तुम्ही उतरलात, हात जोडले नाहीत, सरळ त्यांच्याकडे चालत गेलात आणि मी तुम्हाला पहिल्यांदा इतक्या मोठ्याने कोकणी बोलताना ऐकलं. "म्हजो पूत तो. पांय मोडला ताचो. वचपाक दिया." जाऊ द्या, एवढंच तुमचं मागणं होतं. त्यांच्यातल्या एकाने काठी खाली ठेवली, मग बाकीच्यांनी. त्यांनीच दादाला एका फळीवर घालून ओंडक्यांवरून पलीकडे नेलं. पलीकडे मात्र गाडी नव्हती. दुपार ओसरेपर्यंत आपण रस्त्याच्या कडेला बसून होतो. बुटाच्या कड्यांतून रक्त गळत होतं, आणि तुम्ही बूट काढू देत नव्हता. आत काय आहे ते बघवलं नसतं, असं तुम्ही नंतर आईला म्हणालात.

शेवटी एक गाडी थांबली. हॉस्पिटलात डॉक्टरांनी बूट कात्रीने कापून काढला. पुढे त्या आठवड्यात घोट्याच्या वरून पायही काढावा लागला. कापलेला बूट कुणीतरी कागदात गुंडाळून तुमच्या हातात दिला. घरी आल्यावर तुम्ही कागद उलगडलात, तेव्हा मी दारात होते. चवड्याशी तळ सुटून तोंड वासल्यासारखा उघडा पडला होता, खिळे वाकले होते. तुम्ही त्या फटीत दोन बोटं घातलीत आणि तशीच ठेवलीत. मग बूट पुन्हा गुंडाळलात. तो कुठे नेऊन टाकलात, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

त्यानंतर तुम्ही बुटाला हात लावला नाही. खाणीवरचे कामगार यायचे, तुम्ही मान हलवून त्यांना दुसरीकडे पाठवायचात. फक्त चपला, पट्टे, पिशव्यांचे बंद. गोव्याचं राज्य झालं त्या दिवशी बाजारात फटाके वाजत होते आणि दादा घरात तापाने फणफणला होता, त्याची जखम पुन्हा चिघळली होती. बरा झाल्यावर तो कुबड्या घेऊन दुकानात येऊन बसू लागला. तुम्ही त्याला काम शिकवलंत, पण हातांनी. त्याचा टाका चुकला की तुम्ही तो उसवायचात आणि पुन्हा घालून दाखवायचात. तोंडाने काही नाही. आई दोघांचा डबा एकाच पिशवीतून पाठवायची आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवायचात. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही चमचा बाजूला सारलात. "तळ मी लावला होता," एवढंच म्हणालात. मी म्हटलं, आप्पा, पेज गार होतेय. दादा पलीकडच्या खोलीत होता. आठवड्याने तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात एका पोराने असाच बूट आणला, चवड्याशी तळ सुटलेला. दादा तो खरवडत होता. इतकी वर्षं जे विचारायला जीभ उचलली नाही, ते मी त्याला विचारलं. तुझा तळ आधी सुटला होता का, त्यामुळे पडलास का?

"नाही," तो म्हणाला. "चाक चिऱ्यावरून सरकलं. तळ नंतर सुटला, मला ओढून काढताना."

मग आप्पांना सांगितलं का नाहीस, मी म्हटलं. ते त्यातच गेले.

"त्यांनी विचारलं कुठं? मला वाटायचं, मी घाई केली म्हणून ते माझ्यावर रागावलेत."

आप्पा, हे तुम्हाला कळावं म्हणून मी लिहायला बसले. तुमच्या तळाने काही केलं नव्हतं. तो तुमच्यावर रागावला नव्हता आणि तुम्ही त्याच्यावर नव्हता, आणि हे दोघांनाही ठाऊक नसताना तुम्ही दोघं एका दुकानात गुडघ्याला गुडघा लावून बसलात, तुम्ही जाईपर्यंत. हे पत्र कुठे टाकायचं नाही. दादालाही दाखवणार नाही.

पण एक राहिलं. दादाने उत्तर दिलं ते मान वर न करता, आणि फार पटकन दिलं, जणू ते कधीचं तयार होतं. ते खरं आहे की माझ्या समाधानासाठी रचलेलं आहे, मला माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.