मावशीचं रक्त

दादा,

आईचा स्मृतिभ्रंश आपल्यालाही गाठणार, या धास्तीने तू ठरलेलं लग्न मोडलंस. आज प्रयोगशाळेत मी आईचं आणि मावशीचं रक्त शेजारी ठेवून तपासलं. दोघी हुबेहूब जुळ्या, जनुकं तीच. पण जनुकांवरच्या रासायनिक खुणा वयाबरोबर वेगळ्या होत गेल्यात. आईला घास गिळायची आठवण करून द्यावी लागते आणि मावशी अजून शिकवण्या घेते. खुणांमुळेच हे झालं, असं आज म्हणता येत नाही. पण जनुकांनी आपलं सगळंच आधी ठरवलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

मावशी म्हणाली, "पत्रं कसली लिहितेस? चल, जाऊ त्याच्याकडे."

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही, सोबतच आणते. उद्या दार उघडशील, तेव्हा आईच्याच चेहऱ्याची बाई तुला नावाने हाक मारेल.

तुझी,
धाकटी