इंटरव्हलनंतरचा पिक्चर

आई, गेल्या आठवड्यात माझी चांगलीच शोभा झाली, आणि ती तुझ्यामुळे. मी आता आपल्या नगरच्या एका पेपरात दर रविवारी सिनेमावर लिहिते. एक नवा, एक जुना. भुताचा असो, मारामारीचा असो, हसवणारा, रडवणारा, बघायचा आणि बरा की वाईट ते सांगायचं. नुसतं तोंड चालवायचे पैसे देत्यात व्हय, असं तू म्हणाली असतीस. देतात गं. या वेळी नव्यात एक भुताचा होता, त्याची मी पार सालटी काढली. जुन्यात तो घेतला, संशयी नवऱ्याच्या थोरल्या घरातल्या सुनेचा. शेवटी ती मंगळसूत्र उंबऱ्यावर ठेवते, स्टँडवर जाते आणि गाडी धरून निघून जाते, त्या काळात असा शेवट दाखवायला छाती लागते, असं मी ठोकून दिलं. सोमवारी सकाळीच श्रीरामपूरहून एका निवृत्त मास्तरांचा फोन. "ताई, कुठली गाडी आन् कुठलं स्टँड? ती मरते हो! नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून मरते." दुपारी संपादकांचा फोन आला. "मॅडम, पिक्चर बघितला होता ना तुम्ही?" पुढच्या रविवारी दुरुस्ती छापायची म्हणाले, आणि पुन्हा असं झालं तर सदर दुसऱ्या कुणाला तरी देऊ, हेही गोड आवाजात सांगितलं.

बघितला नव्हता. तुझ्या तोंडून ऐकला होता. थिएटरच्या कँटीनला तू चहा-वडे करायचीस. मॅटिनीला जुने सिनेमे लागायचे, आणि तू किटली हातात धरून, दाराचा पडदा जरासा बाजूला सारून, उभ्या उभ्या बघायचीस. रडका पिक्चर असला की चहा खपतो आणि मारामारीचा असला की वडे, हे तुझं परीक्षण. इंटरव्हलची गर्दी ओसरली, कपबश्या विसळल्या, की तू पळत घरी. अण्णा नागापूरच्या कंपनीतून पहिली पाळी करून यायचे आणि ताटात गरम भाकरी नसली तर ताट भिंतीवर जायचं. त्यामुळे जगातला प्रत्येक सिनेमा तुझ्यापुरता इंटरव्हललाच संपायचा. मला मात्र तू पूर्ण सांगायचीस. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता, पीठ लागलेले हात हलवत. तुझ्या सिनेमात खून कायम मुनीमच करायचा. भुताला कुणीतरी पोटभर जेवू घालायचं, "मंग गेलं बिचारं, उपाशी हुतं." मोठी झाल्यावर मी ते सगळे सिनेमे एकेक करून बघितले आणि एकाचाही शेवट तुझ्याशी जुळेना! मी हसले होते तेव्हा खूप. तेव्हापासून बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही असा माझा नियम आहे. हा एकच सिनेमा मी तपासला नाही, कारण हा एकच तू शेवटपर्यंत बघितला होतास.

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. मी शाळेतून येऊन पायरीवर बसले आहे. घराला कुलूप. अण्णा येतात, कुलपाकडे बघतात, माझ्याकडे बघतात, चपला न काढता पायरीपाशी उभे राहतात. मग गल्लीच्या तोंडाशी तू दिसतेस, आणि नवल म्हणजे तू पळत नाहीस, चालत येतेस. डोळे सुजलेले. "कुठं उलथली होतीस?" अण्णा विचारतात. तू खरं सांगतेस. "पिक्चर बघत बसले. सगळा बघितला." खोटं सांगितलं असतंस तर कदाचित थोडक्यात भागलं असतं. दार आतून लागतं. मी बाहेर पायरीवरच, कान झाकून. शेजारच्या काकू धुणं वाळत घालतात आणि माझ्याकडे बघायचं टाळतात.

संध्याकाळी तू तव्यापुढे बसलीस, एका हातानेच भाकरी थापत होतीस. मला काही सुचेना म्हणून मी विचारलं, "आई, शेवट काय झाला?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, "गेली ती. डोरलं ठिवलं उंबऱ्यावर आन् गेली. ष्ट्यांडवर गाडी उभीच हुती, चालू करून, जनू तिच्यासाठीच थांबल्याली. बसली न् गेली. मागं वळून बघितलं न्हाई तिनं." मी म्हटलं, मग? "मंग काय. पिक्चर सपला. जेव."

पुढे मी दहावीला असताना तू गेलीस, त्याच तव्यापुढे, बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, हृदय. अण्णा पुष्कळ जगले, लग्न होईपर्यंत त्यांच्या भाकऱ्या मी थापल्या. मग त्यांनीच मला शिर्डीला दिली, लॉजवाल्यांच्या घरी. नवरा माझा मोबाईल तपासायचा, मग मोबाईल भिंतीवर मारायचा, मग मला. एका सकाळी मी मंगळसूत्र काढून उंबऱ्यावर ठेवलं आणि निघाले. धाडस वगैरे काही नव्हतं. असं करता येतं, एकीनं केलेलं आहे, माझ्या आईनं डोळ्यांनी बघितलेलं आहे, एवढाच माझा आधार.

त्या सोमवारी संपादकांचा फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात बसून तो सिनेमा मोबाईलवर लावला. पहिला अर्धा तुझ्यासारखाच, शब्दाला शब्द. आणि शेवटी ती उठते, पिशवी घेते, दारापर्यंत जाते. आई, दारापर्यंत जाते गं ती! दार सताड उघडं आहे. आणि मागे वळते, विष घेते, त्याच्या पायावर डोकं ठेवते. तो रडतो. सनई वाजते. म्हणजे हे बघून तू त्या दिवशी हळू चालत आली होतीस. डोळे अण्णांनी हात उचलायच्या आधीच सुजले होते. हे बघून, वर मार खाऊन, मला तू ते सांगितलंस. मी मोबाईल पालथा घातला आणि तुझ्या नावानं हंबरडा फोडला, एवढ्या वर्षांनी.

दुरुस्ती पाठवली. 'नायिका घर सोडत नाही, तिचा मृत्यू होतो. चुकीबद्दल दिलगीर.' संपादक म्हणाले, छान, थोडक्यात. तुझा शेवट कसा बरोबर होता ते छापायला पेपरात जागा नाही. म्हणून हे तुला, आणि तुझा पत्ता माझ्याकडे नाही.

एक राहिलं. शिर्डीच्या स्टँडवर गाडी उभी नव्हती, आई. मी वाट बघत बसले, नगरची गाडी येईना. ऊन चढलं, माणसं बघायला लागली. भाकरी करायची वेळ झाली तशी मी उठले, पिशवी उचलली आणि घराकडे परत निघाले. रस्त्यापर्यंत आले होते. तेवढ्यात मागून कंडक्टर ओरडला, नगर, नगर.