खिडकीतला शोपीस

नारायण पेठ, पुणे

प्रिय आई,

जय भीम. सॉफ्टवेअरचं काम जमतंय, डबाही बरा मिळतो. तुझा गुडघा कसा आहे?

तू दिलेली बुद्धमूर्ती खिडकीत ठेवलीय. घरमालकीण काकूंनी विचारलं, तेव्हा खोली जाईल या भीतीने मी म्हटलं, "शोपीस आहे." तेव्हापासून मूर्तीकडे बघवत नव्हतं.

काल पौर्णिमेला सकाळी दार लोटून मेणबत्ती लावली, तर काकू दारात.

"काय हो, शोपीसपुढे मेणबत्ती लावतात का तुमच्याकडे?"

माझी मान वर होईना. त्यांनी परडीतली दोन चाफ्याची फुलं पुढे केली. "घ्या. आणि दार उघडं ठेवा, धूर कोंडतो."

दार उघडं ठेवूनच मोठ्याने त्रिशरण म्हटलं, आई. आवाज तुझ्यासारखा आला.

तुझी,
मैत्री