मालकाचं गाणं, मालकाच्या हुकमानं

चिरंजीव भाच्यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो (माझ्याकडची नोकरी सोडणाऱ्यांना झोप छान लागते म्हणतात). ताईचे गुडघे कसे आहेत? इकडे मी मजेत आहे आणि तुझी मामी कुरकुरते आहे, म्हणजे सगळं जिथल्या तिथे आहे.

निरोप मिळाला. घडीखात्यातल्या बायकांची स्टुलं परत द्या आणि ते गाणं बंद करा, असं तू हात जोडून कळवलंस. अरे, बंद काय करा? कारखान्याच्या स्नेहसंमेलनात माझा जुना कोट घालून (विचारलं असतंस तर इस्त्रीचा दिला असता) तू 'मी मालक, मी मालक' म्हणत उभा राहिलास, तेव्हा माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं शर्ट शिवून घेतोय, पण माझं मन असं कुणी उघडून दाखवलं नव्हतं. शर्टांच्या घड्या घालणाऱ्या बायका तर हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मामी कानाशी लागली, "अहो, तुमची टर उडवतोय तो." मी म्हटलं, काहीतरीच काय! तो स्वतःला मालक म्हणवतोय. स्वतःचीच टर कोण उडवेल?

आणि कल्पना तरी काय एकेक! 'बसेल त्याला झोप येईल, झोपेल त्याचा पगार जाईल.' मी कपाळावर हात मारून घेतला. हे मला का सुचू नये? दुसऱ्याच दिवशी स्टुलं उचलली. संध्याकाळी बायकांचे पाय सुजतात हे खरं, पण आता परत दिली तर तुझं गाणं खोटं पडेल, आणि भाच्याचा शब्द मी खाली पडू देणार नाही. बाहेर कुणी बघत बसू नये म्हणून खिडक्यांच्या काचांना रंग फासायचं कडवं होतं, तेही अमलात आणलं. कारखानदारांच्या जेवणात मी अख्खं गाणं स्वतः म्हटलं. साबणाचा कारखानदार खो खो हसला, मग खिशातून पेन काढून म्हणाला, "शब्द लिहून द्या ना."

आता रोज हजेरीनंतर सगळ्यांनी ते एका सुरात म्हणायचं असा नियम केलाय. सूर काही एक होत नाही, पण म्हणतात सगळे.

ताईला नमस्कार सांग. तुझ्यावर मामी रागावली आहे, मी नाही.

तुझा,
मामा

ता. क. एका नव्या कडव्यासाठी हा सगळा पत्रप्रपंच. जेवणाच्या सुट्टीवर काही सुचतंय का बघ.

आणखी एक ता. क. मला काही कळलंच नाही, असं खरंच वाटलं तुला? पहिल्या कडव्यालाच कळलं, आणि चांगलंच झोंबलं. बंदी घातली असती तर बायकांनी ते जिन्यात, नळावर, घरी जाताना गुणगुणलं असतं. आता रोज म्हणावं लागतं, तेव्हा कुणी हसत नाही. त्यांच्यातली सगळ्यात खट्याळ बाई काल स्टुलाच्या कडव्याला जांभई देत होती. तेव्हा नवं कडवं हवं तेवढं तिखट लिही. पाठ करून घेणं माझ्याकडे लागलं.