जखम भरत आली

९ नोव्हेंबर, आष्टी
आमच्या विशालला जालन्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. शहागडजवळ ट्रकनं मोटारसायकल उडवली, मणक्याला मार. डॉक्टरांनी ह्यांना न् मला बाहेर बोलावून सांगितलं, पाय आता चालणार न्हाईत. विशालला सांगायची हिंमत न्हाई झाली. त्यात पडून पडून माकडहाडापाशी जखम. लिंबाएवढी. वास सुटलाय.

११ नोव्हें.
पट्टी करायला दवाखान्यातल्या सिस्टर आल्त्या. मधाची पट्टी लावू म्हणाल्या. मी फडताळातली बाटली काढली.
"घरचा नको, काकू. हा जखमेसाठीच शुद्ध केलेला असतो."
ट्यूबमधला मध जाळीच्या पट्टीवर पसरून जखमेत बसवला. सुरुवातीला चुरचुरंल म्हणाल्या. विशाल पालथा. "मला तर काहीच न्हाई झालं!" म्हणला. वर हसला.
मी मोरीत जाऊन नळ सोडला.

१५ नोव्हें.
आज पट्टी मी केली. मध जखमेतलं पाणी ओढतो, सगळी चादर भिजली. विशालचं तोंड उशीत. "तू नको ना आई. अण्णाला सांग." चोवीस वर्षांचं पोरगं, लाज वाटणारच. त्याच्या अण्णाला, म्हणजे ह्यांना, बोलावलं. पट्टी उचकटली न् तशीच सोडली. बाहेर गेले. मंग मीच.

८ डिसेंबर
वास गेला. आतलं मांस लाल, स्वच्छ. "बराबर चाललंय. फक्त कूस बदलत राहा," सिस्टर म्हणाल्या. विशालला सांगितलं.
"भरली की उठवशील ना मला?"
हो म्हणले. दुसरं काय म्हणणार...

२० जानेवारी
जखम भरून राह्यली. आधी रोज म्हणायचे, देवा, जल्दी भरू दे. आता ते तोंडातून निघत न्हाई. भरली की तो विचारणार.

६ मार्च
नखाएवढी राह्यली. आज सांगायचंच ठरवलं. पट्टी बदलता बदलता म्हणले, "विशाल, पायाचं जरा..."
"म्हायतीये आई. दवाखान्यातच कळलं होतं."
मंग येवढे दिवस?
"तू पट्टी काढून बघायची, खुश व्हायची. घरात तेवढंच होतं खुश व्हायला. म्हणून न्हाई बोललो. उठवशील का, ते बी मुद्दामच विचारलं."
मी पट्टी बाजूला ठेवली. खाटेच्या कडेला बसले. त्यानं मागं हात करून माझा हात धरला. तोंड अजून उशीतच.
"जखम गेल्यावर काय करायचं गं आपण?"
हे दारात उभे होते. ते आत आले. मी पट्टी लावली, दोघांनी मिळून त्याची कूस बदलली.