पहिल्या घंटीला

१४ नोव्हेंबर, अंथुर्णे
चालला! डेअरीनं भंगारात काढलेला मोडेम घरच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला. AT, म्हणजे ‘आहेस का?’, टाइप केलं — लगेच OK! नोकरीभर संध्याकाळी दुधाचे आकडे याच्यावरूनच बारामतीला धाडले मी. आज दिवसभरात माझ्याशी बोललेला हा एकटाच.
लँडलाइनची वायर त्याला लावली. फोनचं डबडं फडताळात. नाहीतरी कोण करतंय त्यावर!

१५ नोव्हेंबर
बोटांना सगळं आठवतंय. ATS0=1 — पहिल्या घंटीला तूच उचल. ATM0 — तुझी शीळ माझ्या कानावर नको. AT&W — लाईट गेली तरी हे विसरू नको. डेअरीत असंच ठेवायचे, इथंही तसंच ठेवलं. सांगितलेलं ऐकतो बिचारा.
आक्का मात्र ऐकत नाही. दिवाळीला थोरल्या बहिणीकडं म्हणून नरसिंहपूरला गेले, तर सुरू — "एकटी काय करतीस तितं? हितंच ऱ्हा." मी म्हटलं, "तुझ्या सुनेच्या हाताखाली?" सूनबाई दारातच उभी होती! तशीच पिशवी उचलून आले.
तेव्हापासून फोन नाही. मोबाईल हातात घेऊनच हिंडते. आक्काला माझा नंबर ती सूनच लावून देते. आता कशाला देईल?

१९ नोव्हेंबर
रोज संध्याकाळी सातला पडद्यावर RING. मोडेम उचलतो, कर्कश शीळ घालतो. समोर मोडेम नसला की थोड्या वेळानं NO CARRIER लिहून फोन ठेवून देतो. विमावाले असणार. बसा शीळ ऐकत!
मीच करू का आक्काला? मुळीच नाही! धाकटी म्हणून दर वेळी मीच पडतं घ्यायचं?

२२ नोव्हेंबर
AT. OK. AT. OK. वेड लागेल अशानं. फार एकटं वाटतंय.

२४ नोव्हेंबर
दुपारी मोडेमचा अडॅप्टर जळाला. वायर परत फोनला लावली. सातला घंटी! विमावाल्याला झापायचं म्हणून उचलला. मी तोंड उघडायच्या आत —
"झुंबे, किंचाळ बाई, आज बी किंचाळ. सुनंला न्हाय सांगितलं लावायला. घरचा ह्यो एकच नंबर पाठ हाय मला. चिडून का हुईना, रोज उचलतीस — तू हाईस एवढं कळतं. जेवलीस का?"
"नाही गं आक्का," म्हटलं.